घरची शुश्रूषा आणि आपल्या परिचारिका भगिनी

(संघाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या विनंतीवरून दिलेले भाषण, वक्त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे.)



मी वैद्य नाही आणि वकीलही नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि सारे आयुष्य मुलामुलींना पाढे, शुद्धलेखन व त्रैराशिक शिकविण्यात गेले. अशा माणसाने परिचारिकांच्या व्यवसायाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी काही आज परिचारिका आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यांतील तिघीचौघी एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या. ‘गुरुजी, दवाखान्यातली नोकरी सोडून घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एजन्सीत जावे की नाही?’ त्यांच्यापैकी एकीच्या वडिलांनी मला बजावले होते की, ‘आमच्या मुलीला सांगा, लोकांच्या घरची चाकरी करू नकोस.’ दुसरीच्या सासरची मंडळी मात्र, ‘तिथे पैसे जास्त मिळतात, तर ही जात का नाही?’ म्हणून तिच्यामागे लागली होती. दोन्हीकडे त्या मुलीचे म्हणणे कोणी पुरतेपणी ऐकून घेतले नव्हते. म्हणून हा विषय आज आपणां सर्वांसमोर मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम हा प्रश्न उपस्थित का झाला ते पाहू. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण शेकडा ९.९ होते, सबंध देशाचे ८.६. म्हणजे वृद्धांच्या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे आहे. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, सुना नोकरीवर, आणि घरी अर्धांगाने खिळलेले वडील किंवा मांडीचे हाड मोडलेली आई, असे चित्र आपल्या ज्ञातीतही घरोघरी दिसते. रुग्णालयातील खाटेचे भाडे परवडत नाही, म्हणून रोगी लवकर घरी येतो. पण येताना नाकातून अन्नाची नळी, लघवीची नळी, कधी गळ्याला पाडलेले छिद्र आणि प्राणवायूचे यंत्र घेऊन येतो. २०२० सालच्या साथीत तर ज्या घरांनी परिचारिकेला कधी उंबरठा ओलांडू दिला नव्हता, त्यांनीही तिला हात जोडून बोलाविले. ही गरज ओळखून अनेक एजन्सी निघाल्या आहेत. काही जुन्या पद्धतीच्या ब्यूरो आहेत. त्या नाव-पत्ता देतात आणि दलाली घेतात. काही कंपन्या परिचारिकेला स्वतःच्या नोकरीत घेतात. काही केवळ मोबाईलवरच्या ॲपमधून काम वाटतात. या तिन्हींना आपण सरसकट ‘एजन्सी’ म्हणतो. परंतु त्यांच्यातील भेद फार महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल.

आता ‘घरची चाकरी’ या आक्षेपाचा विचार करू. आजारी माणसाच्या घरी जाऊन त्याची सेवा करणे हे हलके काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच पुण्याचा इतिहास आठवावा. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभारले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले. त्यांतील अनेक विधवा होत्या. लोकांनी नावे ठेविली, पण त्या स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची संघटित पद्धत जिथून सुरू झाली, तिची हकीकत तर अधिकच बोधप्रद आहे. १८५९ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाचे एक धनिक व्यापारी होते. पत्नीच्या अखेरच्या आजारात त्यांनी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी ठेविली होती. तिच्या सेवेचे मोल त्यांना असे पटले की, पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांनी तिलाच शहरातील गरिबांच्या घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याच्या कामी नेमले. महिनाभराच्या अनुभवानंतर ती बाई रडत परत आली आणि म्हणाली की, हे दुःख पाहवत नाही, मला मोकळे करा. ती कर्तबगार होती, अनुभवी होती; तरी खचली, कारण त्या अंधाऱ्या खोल्यांतून ती एकटी पडली होती. रॅथबोन यांनी तिला धीर दिला, रोग्यांसाठी लागणारे अन्न व साहित्य पुरविले, आणि ती पुन्हा कामास लागली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने त्यांनी अशा परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली, आणि त्यातून घरोघरच्या शुश्रूषेची एक मोठी व्यवस्था उभी राहिली.

भगिनींनो, माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म या हकीकतीत आहे. रुग्णालयात परिचारिका कधी एकटी नसते. हाकेच्या अंतरावर दुसरी परिचारिका असते, वर सिस्टर असते, डॉक्टर असतो, दाराशी रखवालदार असतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची कहाणी आपणांस ठाऊक आहे. १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ च्या मे महिन्यात निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे त्या अंथरुणास खिळून होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी पिढ्यानुपिढ्या त्यांची शुश्रूषा केली, आणि अंगावर खाटव्रण होऊ दिले नाहीत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचा गौरव केला. हे घडले ते पाळीमागून पाळी येणाऱ्या अनेक हातांमुळे. घरी तेच काम दोन हातांनी करायचे असते. दर दोन तासांनी रोग्याला कुशीवर वळवायचे, नळीतून अन्न द्यायचे, कफ ओढून काढायचा, साखर तपासून इन्शुलिन टोचायचे. आणि रात्री दोन वाजता श्वास अडखळू लागला, तर निर्णय तिलाच घ्यायचा. म्हणून एजन्सीची किंमत करायची ती एकाच मापाने: परक्याच्या घरी आपली मुलगी एकटी असताना ही एजन्सी तिच्या पाठीशी उभी राहते की नाही?

आपण विणकरांचे वंशज आहोत; ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. आपले आजे-पणजे येवल्यास, मालेगावास, सोलापुरास मागावर बसत. व्यापारी सूत देई आणि लुगडे घेऊन जाई. लुगडे कोण नेसले, त्याने काय मोल दिले, हे विणणाऱ्यास कधी कळत नसे. सूत संपले की मजुरी थांबे. त्या दिवसांची आठवण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली मंडळी या सभेत आहेत. पुढे विणकरांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या त्या याच दुःखातून. आता आपल्या मुलींच्या बाबतीत सुताच्या जागी रोगी आणि व्यापाऱ्याच्या जागी एजन्सी आली आहे. सगळेच व्यापारी वाईट नव्हते, आणि सगळ्याच एजन्सी वाईट नाहीत. पण हिशेब न विचारता सूत घेणारा विणकर नेहमी बुडाला, हे विसरू नये.

या कामाचे लाभही खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. रुग्णालयात एकीच्या वाट्याला पुष्कळ रोगी येतात. मनाजोगी शुश्रूषा करायला वेळ मिळत नाही. घरी एकच रोगी असतो. त्याची झोप, भूक, चेहऱ्यावरची छटासुद्धा कळते. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘गुरुजी, वॉर्डात मी औषधे वाटत होते; इथे मी आजींना पुन्हा चालायला लावले.’ ज्यांची मुले लहान आहेत त्यांना दिवसपाळी निवडता येते. मोठ्या रुग्णालयाची दगदग न झेपणाऱ्या प्रौढ परिचारिकेसही हे काम करता येते. स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेण्याची सवय लागते, ती तर जन्मभर उपयोगी पडते.

आता हिशेबाकडे वळू. त्रैराशिक हा माझा जुना विषय आहे. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. समजा, एजन्सी म्हणाली, दिवसाला १००० रुपये देऊ. महिन्याचे ३०,००० झाले, असे कोणीही मनाशी म्हणेल. परंतु आठवड्याची सुट्टी बिनपगारी धरली तर दिवस २६ उरले. रोगी बरा झाला तरी काम संपते, दगावला तरी संपते, पुन्हा रुग्णालयात नेला तरी संपते. दुसरे काम मिळेपर्यंतचे असे सहा रिकामे दिवस धरा. उरले २०, आणि हाती आले २०,००० रुपये. पाळी बारा तासांची, म्हणजे महिन्याचे २४० तास. तासाला सुमारे ८३ रुपये. आता लहान रुग्णालयात २०,००० पगार, आठ तासांची पाळी, २६ दिवस, असे धरा. तास झाले २०८. तासाला सुमारे ९६ रुपये. शिवाय प्रॉव्हिडंट फंड व रजा मिळत असेल, तर ती निराळी. मोठा दिसणारा आकडा असा लहान होतो. आणि चोवीस तासांचे काम असेल तर हा हिशेब मांडायलाही नको!

२०,००० ची रक्कम मी उगाच घेतलेली नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, पन्नास खाटांपर्यंतच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार मिळावा. ही शिफारस खाजगी रुग्णालयांसाठी होती, आणि ती अंमलात आणणे राज्यांकडे सोपविले गेले. तथापि तुलनेसाठी हे माप हाती ठेवायला हरकत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी आपल्या मुलीने एजन्सीला पुढील प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिला प्रश्न: मी तुमची नोकर आहे की तुम्ही केवळ मध्यस्थ आहात? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. कामगारास लेखी नियुक्तिपत्र देण्याचे कर्तव्य त्यांत मालकावर घातले आहे. मोबाईलवरून काम वाटणाऱ्या संस्थांचाही त्यांत उल्लेख असून, अशा संस्थांच्या यादीत आरोग्यसेवा येते. तेव्हा नियुक्तिपत्र मागताना संकोच बाळगू नये. ते देण्यास जी एजन्सी टाळाटाळ करते, ती संकटसमयी तुम्हांस ओळखही दाखविणार नाही. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवावीत, प्रती द्याव्यात, आणि मूळ कागद घरी आणावेत.

दुसरा प्रश्न: मला परिचारिका म्हणून पाठविता की मदतनीस म्हणून? ए.एन.एम.ला दोन वर्षे, जी.एन.एम.ला तीन, बी.एस्सी.ला चार वर्षे शिकावे लागते, आणि १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली नोंदणी होते. मदतनीस बाईचे कामही मोलाचे आहे. पण दोन्ही कामे एक नव्हेत. भांडी घासणे, घरच्यांचा स्वयंपाक, नातवाला शाळेत पोहोचविणे, ही परिचारिकेची कामे नाहीत, हे एजन्सीने घरमालकास आधीच कळविले पाहिजे. तसेच मदतनीस बाईला पांढरा पोशाख घालून परिचारिका म्हणून पाठविणारी एजन्सी असेल, तर तिथे आपल्या मुलीने आपले नाव जोडू नये.

तिसरा प्रश्न: रात्री अडचण आली तर फोन कोण उचलील? औषध लेखी चिठ्ठीवाचून देऊ नये. इंजेक्शनाने अंगावर विपरीत परिणाम होऊन माणूस पाहता पाहता कोसळू शकतो. म्हणून नव्या इंजेक्शनाचा पहिला डोस, जवळ डॉक्टर व उपाय नसताना, कोणाच्या भिडेखातर देऊ नये. प्रत्येक पाळीत वेळ घालून नोंदवही लिहावी. काही विपरीत घडल्यास तीच वही तिची साक्षीदार होते.

चौथा प्रश्न: माझ्या सुरक्षिततेची व्यवस्था काय? या बाबतीत कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो पुष्कळांना ठाऊक नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत राहते घरही समाविष्ट आहे. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तर संस्थेत तक्रार समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. ‘पुन्हा त्या घरी जाणार नाही’ असे मुलीने सांगितल्यावर जी एजन्सी कारण ऐकून घेऊन तत्काळ दुसरी व्यवस्था करते, ती चांगली. ‘जरा सांभाळून घे’ असे म्हणते, ती सोडावी. घरात शिरताना दागिने व कपाटाच्या किल्ल्या आपल्या ताब्यात घेऊ नयेत, हेही सांगून ठेवतो. चोरीचा आळ परक्यावर सर्वांत आधी येतो.

ज्यांनी नुकतेच शिक्षण पुरे केले आहे, अशा मुलींना माझे सांगणे निराळे आहे. त्यांनी निदान दोन वर्षे रुग्णालयात काढावीत. जिच्या पाठीशी अनुभव नाही, तिला परक्या घरात एकटे पाठविणे तिच्यावरही अन्याय आणि रोग्यावरही अन्याय. शिवाय परदेशी जाण्याची इच्छा असेल तर तेथील भरती करणारे बहुधा रुग्णालयातील अनुभव विचारतात, आणि सरकारी नोकरीची वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. उलट ज्या अनुभवी आहेत, ज्यांना घरसंसारामुळे रात्रपाळी झेपत नाही, त्यांनी वरील प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यास खुशाल जावे. वडिलांनी वा सासरच्यांनी लोकलज्जेपायी तिला अडवू नये, आणि पैशापायी ढकलूही नये.

आता एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी. आपण केवळ परिचारिकांचे आईबाप नाही. आपल्याही घरी परिचारिका येतात. माझे थोरले बंधू अर्धांगवायूने अकरा महिने अंथरुणावर होते. तेव्हा एका एजन्सीने, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, चार वेळा माणूस बदलले. दर वेळी नळी कशी घालायची, कोणत्या कुशीवर दुखते, हे पुन्हा पहिल्यापासून. चौथी आली ती मात्र टिकली. आमच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी तिच्या जेवणाची वेळ ठरवून दिली, तिला टेकायला स्वतंत्र जागा दिली, आणि तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारण्याविषयी मुलांना ताकीद दिली. पुढे एजन्सीकडे चौकशी केली तेव्हा समजले की, आम्ही देत होतो त्यातील बराच मोठा हिस्सा तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. तेव्हापासून माझे मत झाले आहे की, परिचारिका ठेवताना घरमालकानेही विचारावे: ‘या बाईंच्या हातात किती पडतात?’ हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला, तर एजन्सीला उत्तर शोधावे लागेल.

शेवटी संघाला एक नम्र सूचना करतो. विणकरांनी जे सोसायट्या काढून केले, ते लगेच करण्याची आपली ताकद आहे की नाही, याचा विचार पदाधिकाऱ्यांनी करावा. परंतु एक लहान गोष्ट उद्यापासून करता येईल. संघाच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. आपल्या ज्ञातीतील ज्या मुली एजन्सीत काम करतात, त्यांनी तिथे आपला अनुभव लिहून ठेवावा: पगार वेळेवर मिळतो काय, नियुक्तिपत्र दिले काय, रात्री फोन उचलला काय. आपल्यात वकील आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ मुलींचे करारनामे वाचून देण्यासाठी राखून ठेवावी. आणि महिला शाखेने दोन सेवानिवृत्त सिस्टरांची नावे व फोन क्रमांक मुलींना द्यावेत, म्हणजे परक्या घरी रात्री एखादी गोंधळली तर तिला आपल्या माणसाचा आवाज ऐकू येईल. खर्च जवळजवळ काहीच नाही. लागेल ती थोडी आस्था.

ज्या मुलींच्या प्रश्नांमुळे हे भाषण झाले, त्यांतील दोघी आज या सभेत बसल्या आहेत. त्यांनी काय करावे हे मी सांगितले नाही, आणि सांगणारही नाही. कोणते प्रश्न विचारावेत तेवढे सांगितले. निर्णय त्यांचा. तो कोणताही असो, त्यांच्या घरच्यांनी आणि या संघाने त्यांच्या मागे उभे राहावे, इतकीच माझी विनंती आहे.